गुरुजींचं गुप्त मतदान

नेवाळे गुरुजींच्या घरी पाहुण्याला चहा घेणार की कॉफी, असं तोंडानं विचारत नाहीत. हातात मतपत्रिका देतात. तिच्यावर तीन ओळी असतात: चहा, कॉफी आणि वरीलपैकी काही नको. चहापुढे किटलीचं चित्र, कॉफीपुढे मगाचं. पाहुण्यानं स्वयंपाकघराच्या पडद्याआड जायचं, फ्रिजवरचा शिक्का उमटवायचा, पत्रिका बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची आणि बाहेर येऊन गप्प बसायचं. मग गुरुजी डबा खळखळा हलवतात. मतदार एकच असला तरी हलवतात.

दिघीतल्या या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा समोरच्या दारातून पहिलं बोलावणं आलं ते गुरुजींचं. मी नवखा, संकोची माणूस. मी ‘काही नको’वर शिक्का मारला. गुरुजींनी पत्रिका उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली आणि निकाल वाचला.

“काही नको, एक. चहा, शून्य. कॉफी, शून्य. आता काही नको हा काही उमेदवार नव्हे, त्यामुळे तो निवडून येत नाही. राहिले दोन, त्यांना समसमान मतं. अशा वेळी चिठ्ठी टाकावी लागते.”

चिठ्ठी टाकली. चहा निवडून आला. मी तो निमूट प्यालो.

गुरुजी चाकणच्या बाजूच्या खेड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तर होते. निवडणुकीची ड्युटी लागली की बाकीचे मास्तर डॉक्टरकडून ब्लडप्रेशरचा दाखला आणत. गुरुजी वळकटी बांधून सगळ्यांच्या आधी एसटी स्टँडवर हजर. शिकवलेली पोरं आज कुठल्या कुठल्या कंपन्यांत साहेब झाली आहेत, पण त्यांच्याबद्दल गुरुजी कधी अभिमानानं बोलत नाहीत. अभिमान आहे तो मतमोजणीचा. रात्रभर टेबलाभोवती बसायचं, एकेक मतपत्रिका उचलून दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवायची, मग गठ्ठा बांधायचा. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं पहाटे एकाच पातेल्यातला चहा प्यायची. मग मशीन आलं आणि गुरुजींच्या भाषेत सांगायचं तर “लग्नं नोंदणी पद्धतीनं व्हायला लागली. कायदेशीर झाली, पण जेवायला कुणी थांबेना.”

मी तळवड्याला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरी करतो. एवढ्यावरून गुरुजींनी मला मशीनचा वकील ठरवून टाकलं. मग वकिली करणं मला भाग पडलं.

“गुरुजी, कागदाच्या काळात पेट्या पळवत होते. पेटीत शाई ओतत होते. एकच माणूस बसून गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारत होता.”

“मारत होता ना. पण दिसत होता! दरोडा पडला की गाव जागं होतं, जाधव. मशीनमध्ये काही झालं की नाही, हे मला तुम्ही सांगणार. तुम्हाला तुमचे साहेब सांगणार. म्हणजे शेवटी माझ्या हातात काय, तर श्रद्धा. त्यासाठी देऊळ आहे की आपल्या कोपऱ्यावर.”

“म्हणजे मशीनमध्ये गडबड होते, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठं म्हणतो? मी म्हणतो, होत नाही हे मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या.”

यावर माझ्याकडे उत्तर आहे. पण ते समजावून सांगायला फळा लागतो, आणि फळ्यापुढं उभं राहायची सवय त्यांना जास्त. हल्ली काचेमागे चिठ्ठी दिसते, असं मी एकदा सांगून पाहिलं. “दिसते की,” गुरुजी म्हणाले. “नर्स बाळ काचेतून दाखवते आणि परत आत नेते, तशी. अहो, घरी कधी आणायचं?”

काकू होत्या तोवर या घरात दोन मतदार होते. भेंडी की कारलं हा प्रश्न मतदानाला जायचा आणि दर वेळी समसमान मतं पडायची. काकू शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांचा लोकशाहीवर फारसा जीव नव्हता. “आमी न्हाई टाकत मतंबितं,” असं म्हणत त्या एकदा माझ्यासमोरच कढई आपटून गेल्या होत्या. “कारलं झालं हाय. जेवायचं का न्हाई तेवढं सांगा.” गुरुजींनी त्याची नोंद ‘बहिष्कार’ अशी केली आणि कारलं खाल्लं. काकू गेल्यावर घरातली निवडणूक बंद पडली. पाहुण्यांची तेवढी राहिली, आणि पाहुणे म्हणजे बहुतेक वेळा मीच.

मध्यंतरी सोसायटीला रंग द्यायचा होता. आमच्या सेक्रेटरी पाटणकर मॅडम आयटीतल्या. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर पोल टाकला. जेवणं होईतो निकाल हातात: पिस्ता रंग विजयी. दुसऱ्या दिवशी गुरुजी लेखी हरकत घेऊन त्यांच्या दारात.

“मॅडम, कुणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतंय. हे मतदान नाही, ही हजेरी आहे.”

“अहो गुरुजी, भिंतीचा रंग आहे हो!”

“आज रंग आहे. उद्या चेअरमन असेल.”

शेवटी त्यांचा पिच्छा सोडवण्यासाठी मॅडमनी कागदी मतदानाला मान्यता दिली. रविवारी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. ज्या बिऱ्हाडांत पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद होतं, त्यांचे प्रतिनिधी गुरुजींनी मुद्दाम समोरासमोर बसवले. एकेक चिठ्ठी वर धरली जाऊ लागली. एका चिठ्ठीवर शिक्का दोन रंगांच्या मधोमध पडला होता, तिच्यावर एवढा कडाक्याचा वाद झाला की कोपऱ्यावरून भेळ मागवावी लागली. भेळ खाताना टाकीचा विषय निघाला आणि चक्क मिटला. दुपार कलल्यावर निकाल लागला: पिस्ता.

“मग फरक काय पडला गुरुजी?” पाटणकर मॅडमनी विचारलं. मला वाटतं, त्या प्रामाणिकपणे विचारत होत्या.

“हरलेल्याला झोप लागते,” गुरुजी म्हणाले आणि फेरमोजणीची मागणी केली. ते स्वतः पिस्त्याच्याच बाजूचे होते, तरी केली. मॅडमना कळेना, मलाही तेव्हा कळलं नव्हतं. माणसं उठायला लागली होती, एवढंच त्याचं कारण असावं.

मागच्या हिवाळ्यात गुरुजी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण कुणी हाक ऐकेपर्यंत बराच वेळ ते तसेच पडून होते. ऐकली ती मी. ही बातमी कळल्याबरोबर मुलगा संतोष नागपूरहून आणि मुलगी मनीषा नाशिकहून आली. आता बाबांनी एकटं राहायचं की आळीपाळीनं दोघांकडे राहायचं, असा प्रश्न उभा राहिला. गेली काही वर्षं गुरुजी ज्याला त्याला बजावत आले होते, “मी दिघी सोडणार नाही. मला इथून चौघांनीच न्यायचं.” त्यामुळे विचारायलासुद्धा दोघं बिचकत होती.

“बाबा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना,” मनीषा म्हणाली.

“माझं मत पेटीत पडेल,” गुरुजी म्हणाले. “आणि उद्या मतदान आहे. तोवर घरात प्रचारबंदी.”

दोन्ही मुलं याच घरात वाढलेली, त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. रात्री तिघं जेवली आणि हवापाण्यावर बोलली. मला निवडणूक अधिकारी नेमण्यात आलं. मतपत्रिकेवर दोन ओळी: ‘मुलांकडे जावे’, चिन्ह सुटकेस. त्याखाली ‘दिघीतच राहावे’, चिन्ह खुर्ची.

सकाळी अंघोळी आटोपून मतदार हजर झाले. गुरुजींनी सूचना दिल्या. “शिक्का मारल्यावर आधी उभी घडी, मग आडवी. आधी आडवी घातली, तर ओली शाई दुसऱ्या उमेदवारावर उमटते. कित्येक मतं अशी वाया गेलेली मी बघितलीत.”

संतोष पडद्याआड गेला आणि झटक्यात बाहेर आला. मनीषा बराच वेळ आत होती, बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. गुरुजी शेवटी गेले. त्यांनीही वेळ घेतला, पण वय झालेला माणूस, म्हणून कुणी काही म्हटलं नाही.

मी पहिली चिठ्ठी उघडली. घडी आडवी. खुर्चीवर ठसठशीत शिक्का आणि घडीमुळे सुटकेसवरही त्याचा फिकट डाग.

“गुरुजी, ठसे दोन दिसतायत.”

“गडद तो खरा,” गुरुजी म्हणाले.

“राहावे, एक.”

दुसरी चिठ्ठी तशीच. आडवी घडी, खुर्चीवर गडद, सुटकेसवर फिकट. “राहावे, दोन.”

तिसरी चिठ्ठी वेगळी होती. आधी उभी घडी घातलेली होती, मग आडवी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. कागदावर कुठेही डाग नव्हता. या घरात अशी घडी घालणारा माणूस एकच आहे, आणि त्याचा शिक्का सुटकेसवर होता.

“जावे,” मी म्हणालो. ते फारच हळू झालं असावं, कारण गुरुजींनी “मोठ्यानं वाचा” असं सांगितलं. मी पुन्हा वाचलं. “जावे, एक. राहावे, दोन.”

संतोषनं मनीषाकडे पाहिलं, मनीषानं संतोषकडे. ते एक मत दुसऱ्यानं दिलं, अशी दोघांचीही खात्री झालेली दिसत होती. दुसरा भला ठरला आणि आपण वाईट, असं काहीसं दोघांच्याही तोंडावर होतं. मग मनीषा बाबांच्या गळ्यात पडली. “झालं ना तुमच्या मनासारखं? आम्हाला माहीत होतं, तुम्हाला इथून हलवलं तर तुम्ही खचाल.”

“निकाल मान्य आहे,” गुरुजी म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुपारी दोघं आपापल्या वाटेनं निघाली. गुरुजी गॅलरीतून हात हलवत होते. गाड्या दिसेनाशा झाल्यावर आत येऊन खुर्चीत बसले. मला राहवेना. इतकी वर्षं हा माणूस मोठमोठ्यानं नको ते बोलत राहिला आणि जे बोलायचं ते मात्र घडी घालून डब्यात टाकलं, याचा मला राग आला.

“गुरुजी, मनीषाला फोन लावू का? अजून भोसरीच्या पुढे गेली नसेल.”

“कशाला?”

“तुमचं मत सांगायला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहिलं आहे, हे त्यांना कळलं असावं. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, तो पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“निकाल लागल्यावर प्रचार करत नाहीत, जाधव.”

“पण गुरुजी...”

“आणि अगदीच काही अनामत जप्त झाली नाही. एक मत पडलं की. म्हणजे दोघांपैकी एकाला तरी वाटतंय, मी यावं. वाटतंय ना रे?”

त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

“वाटतंय, गुरुजी,” मी म्हणालो. “अगदी मनापासून वाटतंय.”