यादीचं दुसरं पान

सासूबाई कायमच्या राहायला येणार म्हणून मालाकीने सकाळीच हेमी साहेबांच्या कानावर घातलं होतं. ऑकलंडच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासायचं त्याचं काम, आणि नातेवाइकांच्या बॅगेला हात लावायचा नाही हा तिथला नियम. साहेबांनी त्याला मागच्या खोलीत जप्तीचा माल पिशव्यांत भरायला बसवलं. मालाकी निर्धास्त होता. सामोआहून काय आणायचं नाही, याची सामोअन भाषेतली सरकारी यादीच त्याने महिन्यापूर्वी सासूबाईंना फोनवर पाठवली होती. जावयाच्या ऑफिसात तमाशा नको!

साडेदहाला ब्रॉनविनने दारातून डोकं आत घातलं. ती त्याच्याच बरोबरीची, पण टेबलाशी उभी राहिली की सख्ख्या भावाचीही लोणच्याची बाटली काढून घेईल अशी.

"बाहेर ये. एका बाईंना इंग्रजी येत नाही, आणि आज सामोअन बोलणारा तू एकटाच आहेस."

"फोनवरचा दुभाषा घे ना."

"पाऊण तास थांबा म्हणतोय. रांग पार दारापर्यंत गेलीय."

टेबलाशी फुलाफुलांचा कोरा झगा आणि चर्चची पांढरी टोपी घालून फुआतिनोबाई उभ्या होत्या. त्याला बघताच त्यांनी रांगेला उद्देशून जाहीर केलं, "हा बघा माझा जावई! इथला मोठा साहेब आहे."

"काय म्हणतायत?" ब्रॉनविनने विचारलं.

"या माझ्या सासूबाई आहेत, असं म्हणतायत," मालाकी पुटपुटला.

"बरं. मग नुसतं भाषांतर कर. कशाला हात लावू नकोस. किती दिवस राहणार, विचार."

"मरेपर्यंत," फुआतिनोबाई म्हणाल्या आणि रहिवासाचा कागद त्यांनी टेबलावर हाताने सारखा करून ठेवला. नवरा गेल्यानंतर सहा वर्षं वाट पाहिली तेव्हा कुठे तो मिळाला होता. खोक्यातून शिलाई मशीन निघालं. ते घरचं, वापरातलं, घासूनपुसून लख्ख केलेलं. नव्या रहिवाशाला त्यावर कर नाही. ब्रॉनविन चक्क हसली. मग तिने प्रवाशाचा फॉर्म उचलला आणि तिचं हसू मावळलं. मध? हो. बियाणं? हो. माती? हो. प्रत्येक रकान्यात ठसठशीत 'हो'.

"आई, सगळीकडे 'हो' का लिहिलंत?"

"मग काय लिहू? कपडे मागे ठेवले, पण तुझ्या यादीतली एक वस्तू चुकवली नाही मी!"

त्यांनी पर्समधून यादी उतरवलेला कागद काढला. एक ते बावीस आकडे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मालाकीने कागदावर मथळा शोधला, तो नव्हताच. 'खालील वस्तू आणण्यास मनाई आहे' हे वाक्य पहिल्या पानावर होतं. त्यावर बाकी नुसता पत्ता आणि बोधचिन्ह, म्हणून त्याने फक्त दुसरं पान पाठवलं होतं.

बॅग उघडली. मधाची बाटली, कोंबडीची पिसं, तारोचे कंद, शिंपले, सगळ्यावर आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या. प्लास्टिकची जपून मारलेली गाठ सोडली, तर आत बूट निघाले.

"'चिखल लागलेले बूट' लिहिलं होतंस," फुआतिनोबाई म्हणाल्या. "माझे तर स्वच्छ होते. मग तारोच्या शेतातून दोनदा चालून आले. आणि ही मधमाश्यांची पेटी 'वापरलेली' हवी होती ना? नवी होती, ती महिनाभर शेजारणीकडे दिली वापरायला."

"काय म्हणतायत?"

"मनापासून आणलंय म्हणतायत."

ब्रॉनविनने मधाची बाटली जप्तीच्या पिवळ्या डब्यात टाकली. फुआतिनोबाईंचा चेहरा उतरला. "का रे, आवडलं नाही का त्यांना? की मला परत पाठवणार?"

हे सगळं आता जाळणार, असं सांगायला मालाकीची जीभ रेटेना. "नाही हो आई. ते... ते ठेवून घेतायत."

"ठेवून घेतायत? मग असं सांग ना!" त्यांना एकदम हुरूप आला. बाकीच्या वस्तू त्या स्वतःच भराभर पिवळ्या डब्यात घालू लागल्या. शेवटी भोकं पाडलेली एक डबी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. "बाविसावी. जिवंत गोगलगाय."

झाकण उघडलं. डबी रिकामी होती.

"अगंबाई! मघाशी फॉर्म भरला तेव्हा तर होती."

हे मात्र मालाकीने शब्दन् शब्द सांगितलं. पुढच्याच मिनिटाला दालनाची दारं बंद झाली. हेमी साहेब धावत आले. सहा अधिकारी गुडघ्यांवर बसून टेबलांखाली रांगू लागले. मालाकीही रांगला आणि रांगता रांगता त्याने दुसऱ्या पानाची सगळी हकिकत साहेबांपुढे कबूल करून टाकली.

"उद्या सकाळी लेखी खुलासा दे," साहेब फरशी न्याहाळत म्हणाले. "दोन्ही पानं जोडून."

फुआतिनोबाई समाधानाने बघत होत्या. "वळण आहे हो इथल्या माणसांना. मोठं माणूस आलं की आपल्याकडच्यासारखे खाली बसतात."

वीस मिनिटांनी गोगलगाय सापडली. पिवळ्या डब्यातच, चिखलाच्या उजव्या बुटात ती निवांत बसली होती. डब्याला झाकण लागलं, दारं उघडली. सगळं खरं लिहिलेलं, म्हणून दंड नाही. कागदावर शिक्का बसला, आणि हेमी साहेबांनी घामेजला हात पुसून फुआतिनोबाईंपुढे केला. "सव्वीस वर्षांत इतका खरा फॉर्म मी पाहिला नाही, सांग त्यांना."

हेही मालाकीने शब्दन् शब्द सांगितलं.

बाहेर त्याची बायको लुपे ताटकळत उभी होती. आईच्या गळ्यात पडून झाल्यावर तिने ढकलगाडीकडे पाहिलं. शिलाई मशीन आणि एक रिकामी बॅग.

"आई, अगं सामान कुठाय?"

मालाकीने डोळे मिटून घेतले.

"सामान?" फुआतिनोबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचा काय मान आहे इथे! सगळंच्या सगळं ठेवून घेतलं त्यांनी, पीसभरही परत दिलं नाही. आणि ती गोगलगाय! मोठे साहेब गुडघ्यावर बसून शोधत होते गं तिला."

लुपेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"पण एकीने सहा जणांचं काय होणार?" फुआतिनोबाईंनी पर्समधून फोन काढला. "पुढच्या आठवड्यात तुझी मावशी येतेय ना, तिला सांगते, डझनभर घेऊन ये म्हणून."