खड्ड्याकडे कुणी बघेना

जागतिक मैदानी स्पर्धेतली लांब उडीची अंतिम फेरी दुपारी तीनला सुरू होणार होती आणि मिस्त्री अडीचपासूनच टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसले होते. मिस्त्री म्हणजे गिलाव्याचं काम करणारे गवंडी. कामाचा दिवस बुडवून त्यांनी टीव्ही पाहिल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. पण आज त्यांची लेक छकी टीव्हीवर दिसणार होती.

छकी उडी मारणार नव्हती. खेळाडू उडी मारून गेला की वाळूच्या खड्ड्याची जी दशा होते, ती दाताळं फिरवून पुन्हा सपाट करायची, हे तिचं काम. मैदानावर नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, पण एवढी मोठी स्पर्धा पहिलीच. सकाळीच तिचा फोन आला होता.

"बाबा, माझा हात कसा फिरतोय ते नीट बघा. पाच वाजता फोन करते. आणि खरं सांगायचं हं, लेक म्हणून सांभाळून घ्यायचं नाही."

ही सूचना अनावश्यक होती. सपाटीच्या बाबतीत मिस्त्री जन्मात खोटं बोलले नव्हते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी त्या घराची भिंत कुठे फुगलीय, हे चहा यायच्या आधी सांगून मोकळे होत. त्यामुळे त्यांना चहाही बेताचाच मिळे.

तीन वाजता पहिला खेळाडू धावत आला, उडाला, वाळूत बसला.

"आता बघा!" मिस्त्री पुढे सरकले.

पडद्यावर खेळाडूचा चेहरा आला. मग त्याच्या प्रशिक्षकाचा. मग तीच उडी सावकाश, मग मागून, मग वरून. आणि मग एकदम दुसरा खेळाडू धावायला उभा, आणि त्याच्यापुढे खड्डा परातीसारखा सपाट!

"अगं, ही येऊन गेली केव्हा?"

"तुम्ही डोळे मिटले असतील," बायको म्हणाली.

पुढच्या वेळी घरातल्या कुणीच डोळे मिटले नाहीत. खेळाडू उडाला आणि टेबलामागे बसलेले चार कोटवाले वाऱ्यावर चर्चा करू लागले. ते संपेपर्यंत खड्डा पुन्हा सपाट. शेजारचे टेलरमास्तर मुद्दाम दुकान बंद करून आले होते, त्यांना तर काहीच उमगेना.

"हा लाल चड्डीवाला मघाचाच ना?"

"मघाचा आत्ता उडतोय," मिस्त्री म्हणाले. "आत्ताचा अजून उडायचाय."

"आणि हा निळा?"

"तो गेल्या स्पर्धेतला."

"मग आज कोण उडतंय?"

हे मिस्त्रींनाही सांगता येईना. शेवटी बायकोने हात जोडले. "देवा, पुढच्याचा पाय चुकू दे. मग तरी खड्डा दाखवतील."

"अगं, दुसऱ्याच्या पोराचं वाईट चिंतू नये."

"बरं. देवा, पाय चुकू दे, पण पुढच्या उडीत त्याला भरून काढू दे."

खरोखरच पुढच्याचा पाय चुकला. देवाने ऐकलं, पण वाहिनीने ऐकलं नाही. तीन मिनिटं पट्टीपुढे गेलेलं त्या खेळाडूच्या बुटाचं टोक दाखवत बसले.

मिस्त्रींनी केबलवाल्याला फोन लावला.

"आमच्या टीव्हीत खड्डा दिसत नाहीये."

"पडद्याला खड्डा पडलाय का काका?"

"अरे, उडीचा खड्डा! माझी मुलगी आहे तिथे."

"मग असं सांगा ना! कोणत्या देशाकडून?"

"देशाकडून नाही रे, वाळूकडून!"

पलीकडून सगळ्या तक्रारींवरचं उत्तर आलं, "बॉक्स बंद करून चालू करा."

मिस्त्रींनी बॉक्स बंद केला, चालू केला. पडद्यावर आठ माणसं पोहत होती.

"पाणी कुठून आलं?" टेलरमास्तर दचकले.

"वाळू भिजवली असेल," बायको म्हणाली.

वाहिनी सापडेपर्यंत चार उड्या होऊन गेल्या. तेवढ्यात आतल्या खोलीतून मिस्त्रींची बहीण, म्हणजे छकीची आत्या, ओरडली, "दादा, ये लवकर! माझ्या मोबाइलवर खड्डा दिसतोय!" सगळे आत धावले. मोबाइलवर खड्डा होता, वाळू होती, दाताळ्याचं टोकही दिसलं आणि साबणाची जाहिरात लागली. सगळे बाहेर धावले. बाहेर पुढची उडी संपून खड्डा सपाट. मोबाइल टीव्हीच्या मागे चालत होता की टीव्ही पुढे पळत होता, यावर वाद झाला आणि त्या वादात अंतिम फेरी संपली. विजेता झेंडा पांघरून मैदानाला फेऱ्या मारू लागला. त्याच्या फेऱ्या मात्र एकही न चुकवता दाखवल्या.

पाच वाजले. फोन वाजला.

"'फार छान' म्हणून टाका," टेलरमास्तर कुजबुजले. "पोरीचं मन मोडू नका."

मिस्त्रींनी घाम पुसला, फोन कानाला लावला. "छके, खरं सांगतो. आम्ही डोळ्यात तेल घालून बसलो होतो. पण तू दिसलीच नाहीस गं."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

पलीकडे छकी किंचाळली. आनंदाने. "बाबा, परत सांगा, मोठ्याने! आमच्या मुख्य बाई ऐकतायत, स्पीकर चालू आहे. दाताळेवाला टीव्हीवर दिसला म्हणजे त्याला उशीर झाला, असा इथला नियम आहे. आम्हा चौघांपैकी बाकीचे तिघे सकाळच्या फेऱ्यांत दिसले. मी दिसले नसेन, तर उद्याचा खड्डा माझा एकटीचा!"

मिस्त्री गोंधळून बघत राहिले. आणि नेमकं त्याच वेळी टीव्हीवर 'दिवसभरातले क्षण' सुरू झाले. पहिल्याच क्षणी छकी, पूर्ण पडदाभर, दाताळं घेऊन! कडेकडून आत येणारा हात, मध्ये कुठे उचल नाही, कुठे दाब नाही.

"बाबा? बाई विचारतायत, वाळू तरी कशी वाटली?"

"वाळू बघितली की हात कळतो," मिस्त्री म्हणाले. "हात चांगला आहे, पोरी."

बायकोची नजर पडद्याकडे वळत होती. टेलरमास्तरांचं तोंड उघडत होतं. मिस्त्री दोन पावलं मागे सरकले आणि आपल्या रुंद पाठीने त्यांनी सगळा टीव्ही झाकून टाकला.

"अहो, सरका ना!" बायको ओरडली. "काही दिसत नाहीये!"

"ऐकलंत ना बाई?" मिस्त्री फोनमध्ये म्हणाले. "तिची आईसुद्धा तेच म्हणतेय."