आधी मागून वाच

शेजारच्या गद्रेकाकांकडून सकाळी शिऱ्याचा वास आला की समजायचं, आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. काकांचा नाही, काकूंचा नाही, कुठल्या नातेवाइकाचाही नाही. "अगं मेधा, आज आपल्या ऑटो फ्लिंडर्सनचा वाढदिवस!" असं म्हणत काका कुंपणावरून वाटी पुढे करतात. हा ऑटो कोण? तर साठेक वर्षांपूर्वी बेसबॉलचे दोन सीझन खेळून गायब झालेला कुणी खेळाडू. तो आज आहे की गेला, हे काकांनाही ठाऊक नाही. पण त्याच्या कार्डामागे जन्मतारीख छापलीय म्हटल्यावर शिरा झालाच पाहिजे.

न्यू जर्सीतल्या आयसेलिनला नवीन राहायला आले तेव्हा पहिल्याच वाटीला मला वाटलं, म्हातारा जरा सरकलाय. मी नागपूरची, पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही. विचारलंच, "काका, तब्येत बरी आहे ना?" त्यावर काकांनी मला आत नेलं, हात धुवायला लावले, कोरडे पुसायला लावले, आणि जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड फाइल उघडली.

बेसबॉल कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरांत त्याची सगळी कुंडली. पूर्वी ती चुइंगमच्या पाकिटात मिळायची, आता जुनी कार्डं जमवणारे हौशी लोक इथे ढिगाने आहेत. पण ते सगळे नामवंतांच्या मागे. काकांना नामवंत चालत नाहीत. "त्यांना विचारणारे पुष्कळ आहेत गं, आपण कशाला गर्दी करा?"

मी एक कार्ड उचलून फोटो बघायला लागले, तर काकांनी ते माझ्या हातातून काढून उलटं केलं. "आधी मागून वाच! पुढून काय, सगळेच हसतात."

मग सुरू झालं. "हा बघ, हिवाळ्यात फर्निचर विकायचा. हा शाळेत गणित शिकवायचा. आणि हा शहाणा दुखऱ्या खांद्याने अख्खा सीझन खेळला, शेवटी टीमने काढून टाकलं. याला म्हणायचं करिअर!" सांगताना काकांचा आवाज असा की ही सगळी माणसं डोंबिवलीत त्यांच्याच मजल्यावर राहत होती.

हे 'मागून वाच' प्रकरण कार्डांपुरतं असतं तरी चाललं असतं. काका दुधाचा कॅन मागून वाचतात, लग्नाची पत्रिका मागून वाचतात. एकदा मी त्यांना माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाचा फोटो दाखवला, तर त्यांनी माझा फोन उलटा करून बघितला. "काहीच लिहिलं नाही. नको करूस," म्हणाले. मी केलं नाही, आणि नंतर कळलं की बरंच झालं.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची ड्रायव्हर म्हणून माझी नेमणूक झाली. रविवार उजाडला की चला कुठल्यातरी कार्ड-शोला. ते भरतात फायर हाउसच्या नाही तर चर्चच्या हॉलमध्ये. लांबलचक टेबलं, त्यावर खोकी, आणि खोक्यांवर वाकलेली टक्कल पडलेली डोकी. काका खिशातून भिंग काढणार आणि दारापासून एकच प्रश्न विचारत जाणार, "एनी रस्टी मॅगोवर?" एका विक्रेत्याने तर काकांचंच नाव रस्टी ठेवलं होतं.

हा रस्टी एकच सीझन खेळला, तोही हरणाऱ्या टीमकडून. सहा महिने त्याच्या पायी मी अर्धं न्यू जर्सी पालथं घातलं. शेवटी माझा पेशन्स संपला आणि मी काकूंना गाठलं. "काकू, हा मेला रस्टी आहे तरी कोण?"

काकू चकल्या पाडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

त्यांचा निनाद अकरा वर्षांचा असताना शेजारच्या अमेरिकन गृहस्थाने घर बदलताना त्याला आपली लहानपणीची चाळीस कार्डं देऊन टाकली. पोरगं वेडं झालं. जेवताना कार्डं, झोपताना कार्डं. आणि काकांना तेव्हा एकच वेड होतं, लॅमिनेशनचं. डिग्री, कुकरची वॉरंटी, आरतीचा कागद, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. शिवाय छत्री असो की डबा, प्रत्येक वस्तूवर नाव आणि घरचा फोन नंबर. निनाद समर कॅम्पला गेला तेव्हा त्याला सरप्राइज म्हणून काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि ऑफिसच्या मशिनवर चाळीसच्या चाळीस कार्डं लॅमिनेट करून आणली.

"अरे बाप्पा!" मी म्हटलं. एव्हाना मलाही कळत होतं. कार्डावर साधी टाचणी टोचली तरी लोक हळहळतात. प्लास्टिक चिकटलं की कार्डाची किंमत शून्य. हा तर सरळ खूनच.

"शाळेत मुलं हसली त्याला. कार्ड बदलायला कुणी घेईना," काकू म्हणाल्या. "ओरडला नाही. रडला, आणि मग बाबांना काही दाखवायचंच बंद केलं त्याने. आता पार पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला असतो. दर रविवारी फोन येतो. तिकडे पाऊस, इकडे बर्फ, झालं बापलेकांचं बोलणं. रिटायर झाल्यावर हे एकेक कार्ड तसंच्या तसं शोधायला लागले. घरात लॅमिनेट केलेली एकोणचाळीसच राहिलीत. रस्टीचं त्याने त्याच दिवशी रागाने फेकलं असणार, असं यांना वाटतं. म्हणून तेच आधी पाहिजे, आणि तेच मिळत नाही."

त्यानंतर मी कुरकुर केली नाही. पेनसिल्व्हेनियापर्यंत गाडी हाकली. रस्टी नाही म्हणजे नाहीच मिळाला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला निनाद आला. काकूंनी मलाही जेवायला बोलावलं होतं. चाळिशीचा, शांत, कपाळ अगदी काकांचं. जेवणं झाल्यावर काकांनी हात धुतले, पुसले, आणि फाइल त्याच्यापुढे ठेवली.

"ही तुझी कार्डं. जशी होती तशी. एकोणचाळीस आहेत. रस्टी नाही मिळाला रे." काका टेबलावरच्या चटणीच्या वाटीकडे बघत बोलत होते. "मला तेव्हा काही समजत नव्हतं. चुकलं माझं."

निनादने फाइल उघडली. एकेक कार्ड काढायचा, उलटं करायचा, मागून वाचायचा, परत ठेवायचा. मग त्याने पाकीट काढलं आणि त्यातून एक कार्ड टेबलावर ठेवलं. कडा पिवळट पडलेल्या, प्लास्टिक ओरखड्यांनी भरलेलं. रस्टी मॅगोवर, पुढून हसणारा.

"यू कॅन स्टॉप लुकिंग, बाबा."

काकांनी भिंग काढलं.

"आधी मागून वाच," निनाद म्हणाला.

काकांनी कार्ड उलटं केलं. रस्टीच्या करिअरखाली प्लास्टिकच्या आत एक चिठ्ठी होती. काकांच्या वळणदार अक्षरात: निनाद गद्रे. खाली घरचा फोन नंबर.

"कॉलेजला फर्स्ट इयरमध्ये आय वॉज सो होमसिक. रात्री हे काढून बसायचो. नंबर पाठ होता, तरी वाचायचो."

"मग फोन करायचास की रे!" काकू म्हणाल्या.

"करायचो ना आई. बाबा वेदर विचारायचे."

मला हुंदका आवरेना. लाज सोडून मी नॅपकिनमध्ये नाक शिंकरलं. काका मात्र कार्ड दिव्याखाली धरून उलटसुलट बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर रिटायर्ड इंजिनिअरचा जुना अभिमान.

"बघ, इतक्या वर्षांत आत पाणी गेलं नाही. लॅमिनेट केलं म्हणून टिकलं की नाही?"

निनाद इतका हसला की त्याने बापाच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि ते तिथेच राहू दिलं.

रस्टीचा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो. काकू उठल्या आणि त्यांनी रवा भाजायला घेतला.