अंड्यांना हो म्हणणारा संगणक

शुक्रवारच्या मटण-सोडतीत ॲडलेडच्या आमच्या, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या बोल्स क्लबातले झाडून सगळे सभासद पहिले आले. बक्षिसाचा मटणाचा ट्रे एकच होता. क्लबाच्या दप्तरी मात्र त्या शुक्रवारी सोडतच झालेली नाही, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर, या न झालेल्या सोडतीआधी संगणक दुरुस्त करणारी नेरिडा सेक्रेटरी मर्व्हना म्हणाली होती, "सोडतीचे नंबर काढणारा तुमचा म्हातारा संगणक नव्याच्या पोटात बसवते. आपण मेलोय हे त्याला कळणारसुद्धा नाही!" जमलं तर क्लबाची कायमची नोकरी तिची. नाही तर मर्व्ह पुन्हा बादलीतून चिठ्ठ्या काढणार.

पोटात खरा प्रिंटर नसतो, प्रिंटरचं सोंग असतं; म्हाताऱ्याने काढलेले नंबर तेच बाहेरच्या खऱ्या प्रिंटरकडून छापून घेतं. सोंग आधी विचारतं, "मला हे हे येतं, तुला यातलं काय समजतं?" म्हाताऱ्याने समजेल तेवढ्यालाच हो म्हणायचं, बाकीचं सोंगाने विसरायचं. सरळ व्यवहार!

म्हातारा सगळ्यालाच हो म्हणाला. "रंगीत छापू?" हो. "तू थांब म्हणेपर्यंत पुढचे नंबर छापत राहू?" हो! थांब कसं म्हणतात, हे त्याच्या पिढीला ठाऊकच नव्हतं.

जिंकलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्या बारवरून खाली वाहू लागल्या.

"मी जिंकले!" बेरिल ओरडली आणि तिने मेंढीची तंगडी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली.

"सोड, ती माझी आहे!" तिचाच नवरा.

"पोरी, बादली आणू?" मर्व्हनी विचारलं.

"थांबा. परवा मी समजावलं, ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो हो."

"सोंग विचारतं, म्हातारा उत्तर देतो?"

"हो हो."

"आणि तो अंडी घालतो?"

"हो हो, अगदी!"

नेरिडा तडक संगणकाकडे वळली. मग तिने सोंगाच्या प्रश्नांत एक प्रश्न घुसडला: "अंडी घालता येतात?"

म्हातारा म्हणाला, हो. सापडला! अंड्यांना हो म्हणणाऱ्याच्या एकाही होकारावर जायचं नाही, त्याच्याशी सोंगाने जुन्याच रीतीने वागायचं. एक सोडत, एक चिठ्ठी.

पुढच्या शुक्रवारी सगळं बिनबोभाट पार पडलं. नेरिडा आपल्या नेमणुकीची सूचना वाचायला ऐटीत सूचनाफलकापाशी गेली.

"कु. नेरिडा यांस: पुढील सोडतीची तिकिटे 'ताजी अंडी' या बक्षिसावर विकली गेली आहेत. तरी आपल्या संगणकाने गुरुवार सायंकाळपर्यंत सहा डझन अंडी घालावीत, ही विनंती. शक्यतो तपकिरी. अंडी पोचताच आपली नेमणूक कायम करण्यात येईल. – मर्व्ह, सेक्रेटरी."