चिठ्ठीवरचं पाणी

ओव्हाळ काकांनी एकदा आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनला पेलाभर पाणी नाकारलं होतं. चेअरमन स्टोअरची पाहणी करायला आले आणि त्यांना उचकी लागली. शिपाई टाकीकडे धावला, तर काका नळाला पाठ लावून उभे. "चिठ्ठी?" शेवटी चेअरमननी उचक्या देत देत मागणीची चिठ्ठी लिहिली, खाली सही केली. तोवर उचकी थांबली होती. आता पाणी नको म्हणाले, तर काकांनी त्याच चिठ्ठीवर 'रद्द' लिहून त्यांची आणखी एक सही घेतली.

काका म्हणजे प्रल्हाद ओव्हाळ, आमचे स्टोअरकीपर. मी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कारखाना सहकारी, माजलगावच्या अलीकडचा. कोणता ते विचारू नका, सगळेच एकमेकांना ओळखतात. नटापासून बेअरिंगपर्यंत जी वस्तू स्टोअरमध्ये येईल तिची आवक आणि जी बाहेर जाईल तिची जावक काका चिठ्ठीवर लिहायचे, आणि मी ती कॉम्प्युटरात भरायची. मला ते 'बाई' म्हणत. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, पण कॉम्प्युटरला मान म्हणून मलाही मान.

"नोंदीचं बोला" हा त्यांचा मंत्र. कुणी म्हणालं, यंदा पाऊस बरा आहे म्हणतात, की काका चष्म्यावरून बघत. "कोन म्हनतंय? नोंदीचं बोला." लग्नात पंगतीला बसले तरी वाढप्याकडे बघून पुटपुटायचे, "बुंदी भरपूर आली, जावक मात्र त्याच कोपऱ्यात चाललीय." एकदा मी तीन दिवसांची रजा काढून आले, तर त्यांनी विचारलं, "परत जमा झालात का?"

त्या साली दुष्काळ असा पडला की सिंदफणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. ऊस वाळून गेला, गाळप झालंच नाही, चिमणी थंड. पण कॉलनीतली बिऱ्हाडं जातील कुठे? पगार आज होईल, उद्या होईल म्हणत सगळी तिथेच. कारखान्यानं पाण्याचे टँकर लावले, मोठी टाकी स्टोअरच्या आवारात ठेवली, आणि वाटप काकांकडे दिलं. त्यावर काका मला म्हणाले, "बाई, पान्याला कोड द्या. स्टोअरातून जातंय म्हंजी ती वस्तू हाय."

मग आमच्या कॉम्प्युटरात पंखा आणि पाना यांच्या मधोमध 'पाणी' आलं. मोजमापाचं एकक टाकताना अडलं. सॉफ्टवेअरवाला पुण्याचा. फोनवर म्हणाला, "नग, किलो, लिटर यातलं निवडा." काकांनी माझ्या हातातला फोन घेतला. "सायेब, तुमच्या पुन्यात बाया डोक्यावर लिटर घेऊन जातेत का? हंडा टाका." त्यानं निमूटपणे हंडा टाकून दिला.

घरटी माणसं मोजून माणशी एक हंडा ठरला. यादी संचालक मंडळानं मंजूर केली. नाव वाढवायचं तर नवा ठराव. रोज सकाळी बायांची रांग लागायची, काका प्रत्येकीची चिठ्ठी फाडायचे आणि हंडा काठोकाठ भरून थोडं पाणी खाली सांडेपर्यंत नळ बंद करायचे नाहीत. सांडलेलं पाणी बादलीत धरून परत टाकीत. त्यावरून मी त्यांना चिडवलं, तेव्हा एकदाच गंभीर झाले. "आमच्या गावात मी ल्हान असताना लोक आमाला वरून पानी वाढायचे. हात थांबला की आपन तहानलेलंच घरी. म्हून माझ्या हातून कुनाला बोटभर बी कमी जाऊ नये."

आणि महिनाअखेरीला नेमकं तेच बालंट त्यांच्यावर आलं.

महिना बंद करायचा म्हणजे प्रत्येक वस्तूची आवक, जावक आणि शिल्लक जुळवून हिशेब पुढच्या महिन्यात नेणं. बटण दाबलं की पाच मिनिटांचं काम. मी बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'पाणी: शिल्लक शून्याखाली. महिना बंद करता येत नाही.' टँकरनं आणलं त्यापेक्षा जास्त पाणी आम्ही वाटलं होतं. दुष्काळात!

पुण्याला फोन लावला. "मॅडम, कमी भरतंय ना? गळती असेल." मी म्हटलं, "कमी नाही हो, जास्त गेलंय." तो म्हणाला, "आहे त्यापेक्षा जास्त कसं देता येईल?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअर तुमचं, तुम्ही सांगा." त्यानं कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगितलं.

टँकरची एखादी आवक राहिली का, चिठ्ठी दोनदा भरली गेली का, हंड्याचे लिटर चुकीचे धरले का, सगळं तपासलं. एक चूक सापडेल तर शपथ. इकडे महिना बंद नाही म्हणून अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणून टँकरवाल्याचं बिल अडलं. तो टँकर थांबवीन म्हणू लागला.

मग बाजीराव अण्णा आले. अण्णा संचालक, मोठे बागायतदार, तोंडानं फटकळ. ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "यात कोडं काय हाय बे? टाकीत पानी शंभर हंड्याचं आन् वाटले एकशेधा, म्हंजी हंडे अपुरे भरले. ओव्हाळ, लोकांच्या तोंडचं पानी मारता व्हय?"

एरवी नटबोल्टासाठी तासभर भांडणारा माणूस खाली मान घालून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई हंड्यात वाकून बघत म्हणाली, "नीट भरा हो." काकांनी ओसंडलेला तो हंडा पुन्हा नळाखाली धरला. मला त्या बाईचा इतका राग आला की काय सांगू.

मी ठरवलं, ऑफिसात बसून हे सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्येच जाऊन बसले. सकाळचं वाटप डोळ्यांसमोर झालं. प्रत्येक हंडा वाहून खाली सांडला. दुपारी उन्हानं कॉलनी सामसूम झाली. मी रॅकच्या सावलीत बसले होते, ते काका विसरले असावेत. त्यांनी एक चिठ्ठी फाडली, सही केली, स्वतःच्या घरचा पितळी हंडा काठोकाठ भरला, उचलून दारापर्यंत नेला. तिथे जरा वेळ उभे राहिले. मग परत फिरले, टाकीची शिडी चढले आणि तो हंडा अलगद टाकीत ओतला.

मी चिठ्ठी बघितली. 'अनसूया प्रल्हाद ओव्हाळ, हंडा एक.'

अनसूया काकू म्हणजे काकांच्या पत्नी. मुलाला बाळ झालं म्हणून मागच्या उन्हाळ्यात पुण्याला गेल्या होत्या. कुणीही विचारलं की काका म्हणायचे, पुढच्या आठवड्यात येणार. आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं, आणि रोज ढीगभर चिठ्ठ्यांत हे नाव भरताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

आता हिशेब लख्ख कळला. काकूंचा हंडा जावकीला लागायचा, पाणी टाकीत परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर पुन्हा बाहेर जायचं. एकदा आलेलं पाणी दोनदा गेलेलं दिसत होतं.

"काका, पाणी लागत नाही तर चिठ्ठी कशाला फाडता? यादीतून नाव कमी करायचं."

काका शिडीवरून सावकाश उतरले. "एकदा कमी केलं की परत चढवायला ठराव लागतो, बाई. ती अचानक आली तर?"

"मग बोलावून घ्या त्यांना."

"कशावर बोलवू? तिथं दिवसभर नळ हाय. नातू हाय. हितं हंडाभर पानी आन् मी." चष्मा पुसत राहिले. "पन तिचा हंडा चालू हाय, तवर ती हितलीच हाय. आन् ती न्हाई तर ते पानी मी वापरू कसं? म्हून परत टाकतो."

"मग परत आल्याची नोंद का नाही केली? तुम्ही!"

"नोंद केली की लोक विचारतेत, हंडा परत कावून आला. काय सांगू?"

मला रडू आलं आणि हसूही. साऱ्या कारखान्याला नोंदीनं छळणाऱ्या माणसानं अपुऱ्या मापाचा आळ सोसला, पण एवढी एक नोंद त्याच्या हातून होईना. मी म्हटलं, "काका, लोक तुम्हाला पाणीचोर म्हणतायत. मला नाही ऐकवत." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग माझ्यामागून ऑफिसात आले.

सॉफ्टवेअरात 'स्टोअरला परत' अशी सोय होती. पण ती कारण विचारायची, आणि कारणं तीनच: खराब माल, जादा माल, चुकीचा माल. काकांनी वाकून तिन्ही वाचली. मान हलवली. "यातलं कुठलंबी न्हाई."

"नवं कारण घालता येतं. काय लिहू?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहा, येनार हाय."

मी महिन्याच्या प्रत्येक दिवसापुढे तेच लिहिलं: 'व्यक्ती गावाला गेली आहे. येणार आहे.' बटण दाबलं. महिना बंद झाला.

अहवाल संचालक मंडळापुढे गेला. काकांना बोलावलं होतं. ते दाराशी उभे, मी कागद घेऊन मागे. बाजीराव अण्णांनी पान हातात घेतलं. वरपासून खालपर्यंत एकच नाव, एकच कारण. अण्णांनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली, मग नुसतं बोट फिरवत खाली गेले. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलणार.

"कवा येनार हायत वहिनी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," काका म्हणाले.

अण्णांनी मान डोलावली. कारकुनाला म्हणाले, "लिही. सौ. ओव्हाळ यांचा हंडा त्या येईपर्यंत चालू ठेवावा. सर्वानुमते मंजूर." आणि काकांकडे न बघता, "मापाचं मी बोललो ते चुकलं."

बैठक संपली. सगळे उठून गेले, तरी काका तिथेच घुटमळत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, त्या ठरावाची एक नक्कल मिळंल का? पुन्याला पाठवावी म्हनतो."