आवाज जाड करण्याचा उद्योग

बायकोला परत बोलवायचं, पण ‘ये’ असं म्हणायचं नाही, असं मी ठरवलं आणि तिथेच घोळ झाला.

त्याचं असं झालं. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ही दीड महिन्यासाठी गेली. आता सहावा महिना चालू आहे. रोज संध्याकाळी सातला फोन येतो. “जेवणाचं काय केलंत? झाडांना पाणी घालता ना?” मी “हो, हो” म्हणतो. (दोन झाडं केव्हाच गेली.) वर “माझी काळजी करू नकोस, मजेत आहे मी” असंही ठोकून देतो. आणि ही बाई ते खरं धरते! एकतीस वर्षांत माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही, नेमका यावर ठेवला. खरं सांगू? घर खायला उठतं हो. परवा टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंना मी “हं, मग पुढे?” असं विचारलं.

लग्नाआधी मी एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचो. ते धूड उचलायला दोघं लागायचे आणि तापायला अर्धा तास. पण त्याचा खालचा सूर असा जाड, उबदार निघायचा की एकदा पहिल्या रांगेतली एक मुलगी कार्यक्रमानंतर मागे येऊन म्हणाली, “तो शेवटचा सूर पुन्हा वाजवता?” तीच ही. तो सूर फोनवर ऐकवला की ही बॅग भरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आता घरात आहे तो जावयाने दिलेला डिजिटल सिंथेसायझर. आवाज अगदी स्वच्छ आणि किरकोळ, आमच्या नव्या साहेबांसारखा. ऑफिसमधून परस्पर वाद्यांच्या दुकानात गेलो.

“जाड आवाज कुठल्या बटणात असतो?”

“बटणात नसतो काका, तयार करावा लागतो,” दुकानदार म्हणाला. “हे मशीन फार बिनचूक. जुनी जरा चुकायची, म्हणून भरदार वाटायची. एकच सूर दोनदा घ्या आणि दुसरा कणभर बेसूर करा.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम! एकटा सूर कितीही बरोबर असला तरी पातळच लागतो.”

(हे ऐकायला दुकानात जायची गरज नव्हती. सहा महिने अनुभव घेतोय.)

आठ दिवस खपलो. दुसरा सूर जास्त सरकला की दोघं भांडायचे, कमी सरकला की पुन्हा सगळं पातळ. वरची धार बोथट केली, मंद हेलकावा दिला, आणि गुरुवारी संध्याकाळी तो सूर सापडला. अंगावर काटा आला. डोळे पुसायला हात मोकळे हवेत म्हणून ‘होल्ड’चं बटण दाबलं. आता हात उचलला तरी सूर चालूच राहणार होता.

सातला फोन आला. “अगं, ऐक हं,” म्हणालो, फोन स्पीकरसमोर ठेवला आणि डोळे मिटले.

हल्लीचे फोन अतिशहाणे असतात, हे मला नंतर जावयाने सांगितलं. एकसारखी घरघर आली की पंखा समजून ती पुसून टाकतात. म्हणजे माझी आठ दिवसांची मेहनत तिकडे पोचलीच नाही. तिला काय ऐकू आलं? “अगं, ऐक हं,” आणि मग तीन मिनिटं नुसती शांतता. ती तिकडून “अहो! अहो!” ओरडत होती आणि इकडे त्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने लेकीच्या फोनवरून आमच्या शेजाऱ्यांना पिटाळलं.

मग दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या मॅडम, हातात आमची जादा किल्ली, आणि मागे वॉचमन. मी डोळे मिटून, गाल ओले, हात अधांतरी.

“गेले वाटतं!” वॉचमन म्हणाला.

मी डोळे उघडले. तो किंचाळला. मॅडमनी हिला फोन लावला. “अहो, धडधाकट आहेत. रडतायत फक्त. पण इथे कसली घरघर चाललीय? हात तर रिकामे आहेत यांचे.” त्या आवाजाचा माग काढत स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या सुराने फ्रिजमधल्या बाटल्या थडथडत होत्या. “सापडलं!” मॅडम ओरडल्या. “तुमचा फ्रिज गेलाय हो!”

आणि फोन माझ्या हातात आला.

“अगं, तो फ्रिज नाही, ते मी...”

“तुम्ही बोलू नका! आणि त्याला हातही लावू नका. तुम्हाला एकट्याला हे निभणार नाही. रविवारी येते मी.”

“खरंच येतेस?”

“येऊ नको तर काय! सहा महिने फ्रिज तुमच्या भरवशावर ठेवला हीच माझी चूक.”

आज शुक्रवार. होल्ड चालूच आहे, डोकं भणभणतंय. पण रविवारपर्यंत फ्रिज दुरुस्त होऊन चालणार नाही, नाहीतर इथे तिची वाट बघणारा फक्त मी उरेन, आणि तेवढ्यासाठी ती काही येणार नाही.