नागोभाऊंचा बॉयलर आणि माझी मान

आमचे शेजारी नागोभाऊ कुणालाही ‘कसं काय?’ विचारत नाहीत. ते विचारतात, ‘लोड किती?’ ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी जन्म काढल्यामुळे माणसंही त्यांना युनिटच वाटतात. सर्दी झालेला माणूस ‘लीकेज’वर असतो, रुसलेली बायको ‘ट्रिप’ होते आणि आमच्या शाळेचे मुख्याध्यापक कायम ‘शटडाऊन’वर. जेवण झालं की नागोभाऊ क्वार्टरांभोवती चालतात, त्याला ते राख काढणं म्हणतात.

मी त्याच शाळेत शिकवते, आईबरोबर राहते. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. वजन वाढत होतं, हनुवटीवर केस आले होते आणि मान काळी पडली होती. मानेचं कुणालाच नवल नव्हतं. इथे वाळत घातलेल्या चादरीवर कोळशाची भुकटी बसते, मान कुठून सुटणार? आई दर रविवारी बेसन लावून ती भांड्यासारखी घासायची. पाळीवर तिचं एकच उत्तर होतं, लग्न झालं की होते ठीक. एका डॉक्टरांनीही दोन मिनिटांत तेच सांगितलं, वर वजन कमी करा म्हणाले. मी महिनाभर काकड्या खाल्ल्या आणि फळ्यापाशी चक्कर येऊन पडले.

संध्याकाळी नागोभाऊ विचारपूस करायला आले. चहा पिताना माझ्या मानेकडे बघत राहिले, तशी मी ओढणी वर ओढली. ‘पाळी’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मग ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बोलायला लागले.

‘इन्शुलिन म्हणजे शिफ्टचा साहेब. साखर आत घ्या म्हणून कामगारायले सांगते. कामगार ऐकत नाईत, मग तो अजून ओरडते. त्याच्या ओरडण्यानं बाजूचं डिपार्टमेंट बिघडते, त्याचं शेड्यूल चुकते.’ बाजूचं डिपार्टमेंट कोणतं, ते त्यांनी कॅलेंडरलाही सांगितलं नाही. मग आईकडे वळून हळूच म्हणाले, ‘हे कोळशाचं काळं नाई, बाई. घासू नका पोरीले.’

चंद्रपूरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव त्यांनीच शोधून आणलं. शनिवारी आम्हाला घेऊनही गेले. पोटुशा बायकांच्या रांगेत एकटे पुरुष बसले आणि पंख्याचं बेअरिंग गेलंय अशी काउंटरवर तक्रार केली.

डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. रक्त, साखर, थायरॉइड, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट घ्यायला तिघंही पुन्हा गेलो तेव्हा म्हणाल्या, पीसीओएस आहे, म्हणजे बीजकोशांचा त्रास, शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, मान त्यामुळेच काळी. उपाशी राहायचं नाही. पोळीबरोबर डाळ, अंडी, भाजी पोटभर खायची, रोज चालायचं, गोळ्या घ्यायच्या आणि साखर तपासत राहायची. लग्न हे औषध नाही आणि यात पोरीची चूकही नाही, असं त्यांनी आईकडे बघून सांगितलं. मला तिथेच रडू आलं. इतक्या वर्षांत माझी चूक नाही असं कुणी म्हणालंच नव्हतं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, ‘भाऊ, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?’

‘माझ्या मंजूची मान अशीच होती,’ ते म्हणाले. ‘मी कोळशातून घरी येवो. मले वाटे, माह्याच कपड्याचं लागलं. तिची माय घासे आन् मी म्हणो, जोरानं घास. पोरगी रडे.’

मंजू लग्न होऊन मुलचेऱ्याला गेली. मूल नाही म्हणून सासरी बोलणी खाल्ली. गेल्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तेव्हा मानेचं कोडं उलगडलं. तेव्हापासून ती बापाचा फोन उचलत नाही आणि डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत म्हणून चुकणाऱ्या पाळीचं दाखवायला कुणाकडेच जात नाही. रात्रपाळीत मोबाइलवर वाचून वाचून भाऊंनी तो शिफ्टचा साहेब शिकून घेतला होता.

त्यांनी माझ्याकडून डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीचा फोटो मागून घेतला आणि मंजूला पाठवला. ‘मेसेज वाचते ती,’ म्हणाले. ‘उत्तर नाई देत.’

दोन थांबे गेले आणि फोन वाजला. भाऊंनी वाचलं, चष्मा काढला आणि फोन माझ्या हातात दिला. मंजूनं विचारलं होतं, ‘बाबा, ही डॉक्टर ऐकून घेते का?’

‘तूच सांग तिले,’ ते म्हणाले.

मी लिहिलं, ‘हो ताई, घेते.’ क्वार्टर येईपर्यंत नागोभाऊंनी बॉयलरचं नाव काढलं नाही.